नैराश्यावरील चुंबकीय उपचार आणि आपले दोन तालुके

वार्षिक अहवालात रुग्णसेवेच्या तपशिलाबरोबर एखाद्या आजाराची किंवा उपचारपद्धतीची ओळख करून देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदा त्यासाठी आम्ही मेंदूच्या चुंबकीय उद्दीपनाचा विषय निवडला. नैराश्याच्या रुग्णांचे नातेवाईक बाह्यरुग्ण विभागात ‘चुंबकाच्या मशीन’विषयी विचारू लागले आहेत. रुग्णालयाने असे यंत्र घ्यावे, त्याच्या खर्चास हातभार लावू, अशी सूचना काही हितचिंतकांकडूनही आली आहे. या सूचनेमागील आपुलकीचा आदर राखून, हा उपचार काय आहे, त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी आणि जुन्नर-आंबेगावातील रुग्णाला त्याचा लाभ केव्हा होऊ शकेल, हे येथे मांडत आहोत.

प्रथम आजाराविषयी. नैराश्याचा रुग्ण आमच्याकडे ‘मी निराश आहे’ असे सांगत क्वचितच येतो. ‘अंगात ताकद राहिली नाही’, ‘डोकं जड राहतं’, ‘पहाटे तीनला जाग येते ती येतेच’, ‘कशात मन लागत नाही’ अशा त्याच्या तक्रारी असतात. तो सलाईन लावण्याचा आग्रह धरतो, ताकदीची इंजेक्शने मागतो, सोनोग्राफी करून घेतो, आणि सर्व तपासण्या निर्दोष आल्या की अधिकच खचतो. रक्तक्षय किंवा थायरॉईडचा विकार असला तरी अशाच तक्रारी उद्भवतात. म्हणून त्या तपासण्या आवश्यकच आहेत. परंतु त्या निर्दोष असूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, आवडीच्या कामातील रस जाणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःला अपराधी वा निरुपयोगी समजणे, मरणाचे विचार येणे ही लक्षणे एकत्र दिसत असतील, तर तो आजार आहे असे समजावे. आळस, हट्ट किंवा बाहेरची बाधा ही त्याची कारणे नव्हेत. घरच्यांनी देवऋषी किंवा भगताकडे जाऊन आल्यानंतर रुग्णाला आणले, तर आम्ही त्यांना बोल लावत नाही. मात्र त्यात गेलेले महिने आजाराला पोसतात, हे स्पष्ट सांगतो.

दुसरीही बाजू सांगणे आवश्यक वाटते. प्रत्येक दुःख म्हणजे नैराश्याचा आजार नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. अशा प्रसंगी मागे राहिलेल्यांनी रडणे, जेवण न जाणे, रात्र रात्र जागे राहणे हा शोक आहे. त्याला माणसांची सोबत लागते, आणि वेळ लागतो. त्यांपैकी काहींच्या बाबतीत मात्र तो शोक पुढे आजाराचे रूप घेतो, आणि तेव्हा वैद्यकीय मदत लांबवणे घातक ठरते. हा फरक ओळखण्यासाठी यंत्राचा उपयोग नसतो. शांतपणे ऐकून घेणारा जाणकार माणूस समोर असावा लागतो.

निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, पाहणीच्या वेळी नैराश्य असलेल्या प्रौढांचे प्रमाण २.७ टक्के आढळले. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कोणताही उपचार मिळत नव्हता. (पाहणीसाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, परंतु आपल्याकडील चित्र याहून फार उजळ असेल असे समजण्यास आधार नाही.) ८५ टक्क्यांचा हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील विवेचनात तो पुन्हा येणार आहे.

चुंबक काय करतो?

शेतावरची डीपी आपल्यापैकी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या आत तारेची दोन वेटोळी असतात आणि ती एकमेकांस जोडलेली नसतात. एका वेटोळ्यातून सतत बदलणारा प्रवाह गेला की भोवती सतत बदलणारे चुंबकत्व निर्माण होते, आणि त्या चुंबकत्वामुळे दुसऱ्या वेटोळ्यात, तारेचा स्पर्श नसतानाही, वीज उत्पन्न होते. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिलेला हा नियम आहे. चुंबकीय उपचारात पहिले वेटोळे रुग्णाच्या डोक्याला टेकवून धरतात. दुसऱ्या वेटोळ्याची जागा खुद्द मेंदू घेतो. मेंदूतील पेशींचे व्यवहार अत्यंत सूक्ष्म विजेवर चालत असल्याने, अशा रीतीने उत्पन्न झालेली वीज त्या पेशींना जागे करू शकते.

मग सरळ वीजच का देत नाहीत, असे कोणी विचारील. कवटीचे हाड विजेला मोठा अडथळा करते. बाहेरून दिलेल्या प्रवाहाचा बराचसा भाग त्वचेतूनच निघून जातो, आणि वेदनाही होतात. चुंबकत्वाला हाडाचा अडथळा होत नाही. १८९६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोनव्हाल यांनी माणसाचे डोके मोठ्या वेटोळ्यात ठेवून पाहिले, तेव्हा डोळ्यांपुढे प्रकाश चमकल्यासारखा भास झाला. त्यापलीकडे जाण्यास योग्य उपकरणांची वाट पाहावी लागली. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर वेटोळे धरून एकच चुंबकीय ठोका दिला आणि माणसाच्या हाताचे स्नायू हलवून दाखविले. आजची यंत्रे त्याच उपकरणाची वंशज आहेत.

आपला पाच अश्वशक्तीचा कृषिपंप चालताना सात-आठ अँपिअर वीज घेतो. या यंत्राच्या वेटोळ्यातून काही हजार अँपिअरचा प्रवाह जातो, मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ. त्या क्षणी निर्माण होणारे चुंबकत्व दीड ते दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीचे असते. तरीही त्याचा प्रभाव वेटोळ्याखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोहोचतो. नैराश्यात बहुधा कपाळाच्या डाव्या बाजूस, वरच्या अंगाला असलेल्या मेंदूच्या भागावर हा उपचार करतात. विचार, निर्णय आणि भावनांवरील ताबा यांच्याशी त्या भागाचा संबंध आहे, आणि खोलवर असलेल्या भावनाकेंद्रांशी तो जोडलेला आहे. रोज ठोके दिल्याने या जोडण्यांचे बिघडलेले चलनवलन हळूहळू रुळावर येते, अशी तज्ज्ञांची मांडणी आहे.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. जत्रेत, बसस्थानकावर, कधी घरोघरी फिरून चुंबकाचे पट्टे, उशा व गाद्या विकल्या जातात. या उपचाराशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. पट्ट्यातील चुंबक स्थिर असतो. स्थिर चुंबक मेंदूत वीज निर्माण करू शकत नाही. त्यापायी काही हजार रुपये घालविणाऱ्या कुटुंबांना परावृत्त करणे हे आम्ही कर्तव्य समजतो. खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या परिसरातील काही मंडळी, अशा लहरींनी मेंदूला अपाय तर होणार नाही ना, असेही विचारतात. त्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी केवळ ग्रहण करतात, काही सोडत नाहीत. आणि चुंबकीय उपचारातही क्ष-किरणांसारखा कोणताही किरणोत्सर्ग नसतो.

प्रत्यक्ष उपचार असा होतो. रुग्ण पूर्ण जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो, भूल दिलेली नसते. पहिल्या दिवशी डॉक्टर वेटोळे डोक्यावर सरकवत हाताचा ताबा असलेली जागा शोधतात. ती सापडली की रुग्णाचा अंगठा आपोआप हलतो. अंगठा हलण्यास जेवढा जोर लागतो, त्यावरून त्या व्यक्तीसाठी ठोक्यांची तीव्रता ठरते. नंतर वेटोळे कपाळाच्या बाजूस आणतात. सुतारपक्ष्याने खोडावर टोची मारावी तसा टक्‌टक्‌ आवाज होतो, म्हणून कानांत बोळे घालतात. मूळ पद्धतीत सदतीस मिनिटांत तीन हजार ठोके देतात. नव्या, ‘थीटा बर्स्ट’ या नावाच्या पद्धतीत ठोक्यांचे झुबके देऊन हेच काम सुमारे तीन मिनिटांत उरकते. उपचार संपताच रुग्ण उठून चालत बाहेर जातो. हा क्रम आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे चालतो.

‘म्हणजे शॉकच ना?’ हा प्रश्न हमखास येतो. नव्हे. शॉकच्या उपचारात, जो रोममध्ये १९३८ साली सेर्लेत्ती व बिनी यांनी सुरू केला, विजेने फीट आणली जाते. चुंबकीय उपचारात फीट आणायची नसते आणि स्मरणशक्तीवर परिणाम होत नाही. मात्र शॉकविषयी मनात भीती आहे म्हणून चुंबक निवडावा, हा विचार आम्हाला योग्य वाटत नाही. रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल, भ्रम होत असतील, जीव देण्याचा धोका तातडीचा असेल, अशा तीव्र नैराश्यात शॉकचा उपचारच अधिक गुणकारी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो भुलीशिवाय देण्यास मनाई केली आहे. जुन्या हिंदी चित्रपटांतील दृश्ये पाहून या उपचाराविषयी मत बनवू नये.

दुष्परिणाम बेताचेच आहेत. डोके दुखणे आणि वेटोळ्याखालची त्वचा हुळहुळणे हे बऱ्याच जणांना पहिल्या आठवड्यात जाणवते. फीट येण्याचा धोका हजार रुग्णांत एकाहून कमी आहे. परंतु ज्यांना मिरगीचा त्रास आहे, मेंदूच्या शस्त्रक्रियेत धातूची क्लिप बसविली आहे, कानात शस्त्रक्रियेने श्रवणयंत्र रोवले आहे किंवा छातीत पेसमेकर आहे, त्यांनी ते आधी सांगितलेच पाहिजे. त्यांपैकी काहींना हा उपचार देताच येत नाही.

गुण किती येतो?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००८ मध्ये नैराश्यासाठी अशा यंत्रास प्रथम मान्यता दिली. २०१० मध्ये तेथे प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १९० रुग्ण होते. त्यांपैकी निम्म्यांना खरा उपचार दिला, निम्म्यांना केवळ आवाज करणारे नकली वेटोळे लावले. आजार पूर्ण ओसरलेल्यांचे प्रमाण खऱ्या उपचारात १४ टक्के आणि नकली उपचारात ५ टक्के निघाले. म्हणजे उपचाराने फरक पडतो हे सिद्ध झाले, पण हा काही चमत्कार नव्हे हेही दिसले. २०१८ मध्ये कॅनडातील ४१४ रुग्णांच्या अभ्यासात सदतीस मिनिटांची आणि तीन मिनिटांची पद्धत ताडून पाहिली. दोन्हींत जवळजवळ निम्म्या रुग्णांची लक्षणे अर्ध्याहून कमी झाली, आणि तीन मिनिटांची पद्धत कोठेही उणी पडली नाही. हे सर्व औषधांनी गुण न आलेले रुग्ण होते, हे लक्षात घेता हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. तथापि बरे झालेल्यांपैकी अनेकांची लक्षणे वर्षभरात परततात, आणि औषधे व पाठपुरावा पुढेही चालू ठेवावा लागतो.

आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्ससारख्या संस्थांत हा उपचार अनेक वर्षे चालू आहे. पुण्या-मुंबईत काही खासगी केंद्रांतही मिळतो. मग आपल्या रुग्णाची अडचण कोठे आहे?

नारायणगाव ते पुणे अंतर सुमारे ७५ किलोमीटर. रोज जाऊन-येऊन १५० किलोमीटर, असे तीस दिवस धरले तर साडेचार हजार किलोमीटरचा प्रवास होतो, आणि तोही तीन ते सदतीस मिनिटांच्या उपचारासाठी. चाकणच्या कोंडीत जाणारा वेळ यात धरलेला नाही. ज्या आजारात अंथरुणातून उठणे हेच मोठे काम वाटते, त्या आजाराच्या माणसाने पहाटेची एसटी पकडायची, आणि सोबत येणाऱ्याने सहा आठवड्यांची मजुरी सोडायची. आहुपे किंवा घाटघरसारख्या गावातील कुटुंबाला तर पुण्यात मुक्काम करण्यावाचून गत्यंतर नाही. यंत्र पुण्यात आहे म्हणून उपचार ‘उपलब्ध’ आहे, असे आम्ही तरी म्हणणार नाही.

यावर यंत्रच येथे आणावे हा उपाय सहज सुचतो. विश्वस्त मंडळाने त्याचा विचार केला आणि तूर्त यंत्र न घेण्याचे ठरविले. त्याची कारणे देणगीदारांना कळली पाहिजेत. यंत्राजवळ आठवड्याचे पाच दिवस प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि फीट आल्यास सांभाळू शकणारे डॉक्टर हवेत. प्रत्येक रुग्णाची जागा व तीव्रता ठरविण्यास मनोविकारतज्ज्ञ हवा. आपल्यासारख्या रुग्णालयास तो रोज मिळणे कठीण आहे. परंतु याहून मोठे कारण वेगळेच आहे.

हा उपचार मुख्यतः अशा रुग्णांसाठी आहे, ज्यांना किमान दोन औषधे योग्य मात्रेत, प्रत्येकी सहा ते आठ आठवडे देऊनही गुण आलेला नाही. अशांची संख्या कमी नसते. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे रुग्ण एक तृतीयांशाच्या पुढे सहसा जात नाहीत, हे परदेशातील मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. परंतु आपल्या दोन तालुक्यांत ‘औषधाने काही फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाच्या चिठ्ठ्या पाहिल्या, तर बहुधा वेगळीच हकीकत दिसते. गोळ्या पंधरा दिवस घेतल्या आणि बंद केल्या. या गोळ्यांचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात हे कोणी समजावून सांगितले नव्हते. तोंडाला कोरड पडली, मळमळले, म्हणून सोडल्या. किंवा भातलावणी आली, हिरड्याचा हंगाम आला, टोमॅटोची तोडणी सुरू झाली, आणि तालुक्याला फेरी झालीच नाही. ‘सवय लागेल’ या शेजाऱ्याच्या भीतीने सोडल्याचीही उदाहरणे आहेत. वस्तुतः फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम यांसारख्या औषधांचे व्यसन लागत नाही, मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात. अशा रुग्णाचा आजार औषधाला दाद न देणारा आहे असे म्हणता येत नाही, कारण त्याला औषध पुरेसे मिळालेलेच नाही. सर्वेक्षणातील त्या ८५ टक्क्यांपर्यंत तर पहिली गोळीही पोहोचलेली नव्हती. त्यांना चुंबकाच्या दारापाशी नेऊन उभे करणे म्हणजे पहिली पायरी वगळून तिसरीवर पाय ठेवण्यासारखे आहे.

पहिल्या पायरीवर किती काम होऊ शकते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम राबविला. रुग्णाने काय काय करणे सोडून दिले आहे ते त्याच्याशी बोलून शोधायचे आणि एकेक काम पुन्हा सुरू करवून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांचा आजार ओसरला होता. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांची साखळी उभी केली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार मागणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. विदर्भात शेतकरी आत्महत्यांच्या छायेत जे साधले, ते घोडेगाव-जुन्नर पट्ट्यात अशक्य का मानावे?

यास्तव यंत्रासाठी देऊ केलेली मदत तीन कामांकडे वळवावी अशी देणगीदारांना आमची विनंती आहे. गोळ्या मध्येच न थांबाव्यात यासाठी औषधनिधी. ठरल्या दिवशी न आलेल्या रुग्णाच्या घरी फोन करून, गरज पडल्यास जाऊन, चौकशी करणारे पाठपुरावा कार्यकर्ते. आणि ज्या मोजक्या रुग्णांना खरोखरच चुंबकीय उपचाराची गरज आहे, त्यांच्या व सोबत्याच्या पुण्यातील मुक्कामाचा खर्च. शेवटची बाब संख्येने लहान आहे, पण त्या कुटुंबासाठी तीच सर्वांत मोठी असते. दिवसातून दहा वेळा, असे पाच दिवसांत उपचार आटोपण्याची पद्धत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाली असून तिला तेथे २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. तिला मेंदूच्या विशेष एमआरआय प्रतिमा लागतात आणि ती अद्याप महाग आहे. परंतु सहा आठवड्यांऐवजी पाच दिवस, हा फरक ग्रामीण रुग्णासाठी काय आहे ते सांगावयास नको. अशी सोय आवाक्यात येताच मंडळ यंत्राच्या प्रश्नाचा फेरविचार करील.

रुग्णांच्या कुटुंबियांसाठी थोडे. घरात नैराश्याचा रुग्ण असेल तर फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. द्राक्ष-टोमॅटोच्या पट्ट्यात ही साधी खबरदारी जीव वाचविते. मरणाविषयी रुग्ण बोलला तर विषय बदलू नये. शांतपणे विचारावे, ऐकावे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते.

पुण्यास चुंबकीय उपचाराच्या चौकशीसाठी जाणार असाल, तर निघण्यापूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात एकदा यावे. आतापर्यंत घेतलेल्या औषधांची नावे, मात्रा आणि प्रत्येक औषध किती आठवडे घेतले याची नोंद आम्ही एका कागदावर करून देतो. तेथील डॉक्टर प्रथम हेच विचारतात. जुन्या चिठ्ठ्या व गोळ्यांची रिकामी पाकिटे टाकून देऊ नयेत, सोबत आणावीत. फीट, डोक्याची शस्त्रक्रिया, पेसमेकर किंवा शरीरात बसविलेला धातू यांपैकी काही असल्यास ते त्याच कागदावर लिहून घ्यावे. एकूण किती बैठका होतील, प्रत्येकीचा खर्च किती आणि विमा असल्यास तो यास लागू आहे का, हे पहिली बैठक होण्याआधी त्या केंद्राकडून लेखी मागून घ्यावे. उपचार चालू झाल्यावरही येथील गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.